अर्धा किलो ज्वारी

"काका, असे दंड व्हायला किती दिवस लागतेत ओ?" आमच्या जिममधल्या एका पोरानं संक्रांतीनंतरच्या आठवड्यात मला विचारलं. वय एकोणीस-वीस. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे, पाळी सुटली की थेट इकडे येतो. भुवयांत कापसाची पांढरी पिंज अजून अडकलेली असते. मी म्हणालो, "तीन-चार वर्षं धर." मी चेष्टा करतोय असं वाटून तो आधी हसला. मग माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्याचं हसू ओसरलं. "भावाचं लग्न वैशाखात हाय ओ," तो म्हणाला, "शेरवानी शिवायला टाकायची हाय." एवढं बोलून तो रॅककडे गेला, साडेसात किलोचे डंबेल उचलले आणि आरशासमोर जाऊन उभा राहिला.

मला घरी पोचेपर्यंत ते बोलणं सोडेना. माझं उत्तर खरं होतं, पण मी पन्नाशीतला पगारी माणूस. मला संध्याकाळ मोकळी मिळते, रात्रीची झोप मिळते, वेळेवर जेवण मिळतं. माझ्यासारख्याला वर्षांच्या हिशेबात बोलणं परवडतं. त्या पोराच्या हातात वैशाखापर्यंतचे दिवस होते. घरातलं पहिलं लग्न, गावाकडून येणारे पाहुणे, फोटोग्राफर, हळदीची रात्र. पुढची कितीतरी वर्षं एवढी माणसं एकाच वेळी त्याच्याकडे बघणार नाहीत. त्या दिवशी आपण उठून दिसावं, असं त्याला वाटलं तर त्यात उथळ काय आहे? उलट धीर धर असं सांगणाऱ्यानं समोरच्याच्या आयुष्यात धीराला किती जागा आहे, ते आधी बघायला हवं, असं मला वाटत राहिलं. तरीही शरीराचा हिशेब लग्नाच्या तिथीवर चालत नाही, हेही तितकंच खरं. या दोन्ही गोष्टी मनात एकमेकींना खेटून बसल्या.

तीन महिन्यांत काहीच होत नाही असं नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्यानं वाढते. सुरुवातीला थरथरत वर जाणारा डंबेल महिन्याभरात सरळ जायला लागतो. पण दंडाला टेप लावली तर फरक नावालाच. या दिवसांत मोठं काम चालू असतं ते नसांमध्ये. मेंदूकडून निघालेला हुकूम स्नायूतल्या जास्तीत जास्त तंतूंपर्यंत पोचायला लागतो, ते एका वेळी ओढायला शिकतात, आणि उलट बाजूचे स्नायू मध्ये आडवे यायचे थांबतात. आकार वाढतो तो यांच्या मागून, आणि फार सावकाश. स्नायूतली प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नव्यानं बांधली जातात. चांगल्या व्यायामानंतर दिवस-दीड दिवस बांधणी मोडीपेक्षा जराशी वरचढ राहते, पोटात अन्न आणि रात्रीची पुरेशी झोप असेल तर. त्या जराशा शिलकीतून दंड भरतो. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा त्याहून संथ. त्यांना रक्त कमी मिळतं, त्यांना तयार व्हायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून घाई केलेल्या पोराचा स्नायू जड वजनाला हो म्हणतो आणि खांदा किंवा कोपर नाही म्हणतं. खांद्याला स्प्रे मारून भिंतीशी बसलेली अशी पोरं प्रत्येक जिममध्ये दिसतात. त्यांच्यातली बरीचशी पोरं दुखणं बरं झालं तरी परत येत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त हळहळ त्यांचीच वाटते.

आरशात यातलं काहीच दिसत नाही.

मी ज्या गल्लीत वाढलो तिच्या तोंडाशी तालीम होती. चौकट इतकी बुटकी की आत शिरताना वाकावंच लागायचं. आत मारुती, मारुतीसमोर तेलाचा दिवा, आणि हौद्यात लाल माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरलेलं असायचं. पावसाळ्यात त्याचा आंबूस वास पार आमच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा. नव्या पोराच्या हातात वस्ताद पहिल्या दिवशी फावडं द्यायचे. हौदा उकरायचा, वर-खाली करायचा, पाटा फिरवून सपाट करायचा, मग जोर, मग बैठका. कुस्तीचं नाव नाही. आमच्यातला एकजण महिनाभरानं कुरकुरला, "वस्ताद, डाव कधी शिकवणार?" वस्ताद म्हणाले, "आज हौदा किती वेळात उकरलास?" त्याला सांगता येईना. "ते बघत जा," एवढंच बोलून ते मुद्गल फिरवायला लागले. मी तेव्हापासून बघायला लागलो. आधी निम्म्या हौद्यात दम लागायचा. मग एका सकाळी लक्षात आलं की शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचलो तरी आपण गाणं गुणगुणतोय. त्या तालमीत आरसा नव्हता. अंग तयार झालंय की नाही हे वस्ताद खांद्यावर थाप मारून सांगायचे, नाहीतर माती सांगायची.

भिंतीवर खाशाबा जाधवांचा फोटो होता, काचेवर मातीचा थर असलेला. १९४८ साली लंडनला सहावा नंबर आणि १९५२ साली हेलसिंकीला ब्राँझ पदक, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. मला पोरवयात पदकाचं अप्रूप वाटायचं. आता मन त्या मधल्या चार वर्षांत जास्त घुटमळतं. लंडनला मॅटवर उतरावं लागलं आणि आपली कुस्ती मातीतली आहे हे कळलं. त्यानंतर कऱ्हाड-कोल्हापूरकडच्या पहाटे तो माणूस उठत राहिला असेल. त्या पहाटांचा कुठे फोटो नाही.

सोलापुरात ताकदीचा सगळ्यात सुंदर देखावा बघायचा असेल तर तो जिममध्ये नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज शहरातल्या ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालायला निघतात तेव्हा मी दरवर्षी रस्त्याच्या कडेला उभा असतो. पांढऱ्या बाराबंद्या, हलग्या, "हर्र बोला हर्र"चा गजर, आणि गर्दीच्या डोक्यावरून सरकणाऱ्या त्या उंच काठ्या. लोकांची नजर वर, मी मात्र खाली बघतो. काठीचं वरचं टोक वाऱ्यानं जरा कललं की खाली पेलणाऱ्या माणसाच्या पोटऱ्या लगेच कामाला लागतात. पायाची बोटं चपटी होऊन रस्ता धरतात. कमर किंचित वळते, मनगट तसंच राहतं, आणि वरचा झोक वरच्या वर शांत होतो. हे करणाऱ्यांचे दंड फार मोठे असतातच असं नाही. एका वर्षी माझ्या अगदी समोरून गेलेला पेलणारा चांगला पन्नाशीचा, अंगानं काटक, मिशा पिकलेल्या. बाराबंदी पाठीला चिकटून पारदर्शक झालेली. तोंडावर ताण होता, पण श्वास मोजून-मापून चाललेला. यात्रेच्या आधी कितीतरी रात्री या मंडळींचा सराव चालतो. दिवसभर दुकान, नोकरी, माग, आणि रात्री काठी. कोणी नवखा पहिल्याच वर्षी उठून एकट्यानं नंदीध्वज पेलत अक्षता सोहळ्याला गेला, असं मी कधी ऐकलं नाही. आधी शेजारून चालायचं, थोरल्यांचं बघायचं, सरावाला खांदा द्यायचा. बाराव्या शतकातल्या योग्याच्या नावानं चाललेल्या या गोष्टीत आपलीही पाळी येईल, याची त्या पोरांना खात्री असते, म्हणून त्यांना वाट बघणं जड जात नसावं. आमच्या जिममधल्या पोराजवळ अशी खात्री देणारं कोणी नाही. त्याच्याजवळ मोबाइल आहे, आणि मोबाइलवर नव्वद दिवसांत अंग बदलून दाखवणारी माणसं आहेत.

फेब्रुवारीत तो पावडरीचा डबा घेऊन आला. दोघा मित्रांत निम्मे-निम्मे पैसे घालून घेतलेला. मी रागावलो नाही. पावडर म्हणजे विष नव्हे, बहुतेक वेळा ती दुधातलंच प्रथिन असते. पण त्याच्या पगाराचा मोठा तुकडा त्या डब्यात गेला होता आणि डबा महिनाभरसुद्धा पुरणारा नव्हता. आम्ही दोघं जिन्याच्या पायरीवर बसलो आणि त्याच्या जेवणाचा हिशेब मांडला. वजन ५५ किलो. वजनी व्यायाम करणाऱ्याला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिन मिळालं की पुष्कळ झालं, म्हणजे दिवसाला ९०च्या आसपास. तीन-चार भाकऱ्यांना लागणाऱ्या पाव किलो ज्वारीच्या पिठात २५ ग्रॅम. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाण्यात १२. तेवढ्याच डाळीत ११. चार अंड्यांत २४. अर्धा लिटर दुधात १६. बेरीज ८८. तो बेरजेकडे बघतच राहिला. "म्हंजे शेंगाचटणी पण धरायची का ओ?" धरायची की! आमच्या गावात दुपारच्या डब्यात शेंगाचटणी नसलेला माणूस सापडणं अवघड, आणि तिच्यात ताकद असते हे आम्हाला डब्यावरच्या इंग्रजीनं समजावून सांगावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अंडी आणि दूध रोज जमणार नाही, तो म्हणाला. जमेल तेवढं रोज, मी म्हणालो, आणि जे जमतंय ते चुकवू नको.

मार्चमध्ये तो दहा किलोवर गेला. आरशात विशेष काही नव्हतं, पण डंबेल खाली ठेवताना आता तो आदळत नव्हता, हळूच टेकवत होता. हा बदल त्याच्या लक्षात आला नसेल, माझ्या आला. मग उन्हाळा लागला. सोलापूरचा एप्रिल, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला, वर पत्रा. संध्याकाळी सातलासुद्धा बार हातात धरवत नाही, रुमाल गुंडाळावा लागतो. पाण्याच्या दिवशी तर निम्मी जिम रिकामी, कारण चार-पाच दिवसांनी नळ आलेला असतो आणि घरोघरी घागरी-बादल्या जिन्यानं वर चढत असतात. त्या दिवशी न आलेल्यांना मी गैरहजर धरत नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत पंधरा-पंधरा लिटरच्या बादल्या नेणं हा कुठल्याही कोचनं मान डोलवावी असाच व्यायाम आहे. आमचा पोरगा मात्र पाण्याच्या दिवसापुरता थांबला नाही, तो यायचाच बंद झाला. लग्नाचा खर्च, म्हणून दोन-दोन पाळ्या करत होता. ज्या लग्नासाठी अंग कमवायचं होतं त्याच लग्नानं व्यायाम थांबवला.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर तो परत आला. मोबाइलवर फोटो दाखवले. मोरपंखी शेरवानी, खांद्यावर नेटकी बसलेली, आणि हळदीनं पिवळं झालेलं हसरं तोंड. तो खरंच छान दिसत होता, तसं मी सांगितलं. "पण सगळं गेलं ओ काका," तो म्हणाला. दहाचा डंबेल पुन्हा थरथरत होता. मी त्याला म्हणालो, सगळं जात नाही. एकदा भरलेला स्नायू विश्रांतीनं आक्रसतो, पण परत भरताना पहिल्याइतका वेळ घेत नाही. २०१० साली नॉर्वेतल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की स्नायूवर जादा भार पडला की त्याच्या तंतूत जी नवी केंद्रकं, म्हणजे पेशीचा कारभार बघणारे गाभे, येतात, ती स्नायू बारीक झाला तरी बरेच दिवस टिकून राहतात. माणसात हे अगदी असंच घडतं का यावर अजून वाद आहे. पण जुन्या पहिलवानाचं अंग चटकन परत येतं हे कुठल्याही तालमीत बघायला मिळतं. त्यानं माझ्यावर कितपत विश्वास ठेवला, माहीत नाही. जुलै संपायच्या आत तो दहावर परत आला, आणि आता पाठीला काय करायचं हे विचारत होता. भावजय चेष्टा करते म्हणे, आता कुणाच्या लग्नाची तयारी? तर म्हणे, "नुसतंच."

ते "नुसतंच" मला फार आवडलं.

घरी माझी आई आहे. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिनं अर्धं आयुष्य बिड्या वळल्या. मांडीवर सूप, शेजारी भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याच्या मापानं कातरायची, चिमटीत तंबाखू, एक वळसा, दोरा, तोंड बंद. दिवसाकाठी हजार बिड्या झाल्याशिवाय मांडी सुटायची नाही. तिच्या बोटांइतकी चिवट बोटं मी कुठल्याही वेटलिफ्टरची बघितली नाहीत, पण तिला कोणी कधी ताकदवान म्हटलं नाही, तिनंही स्वतःला म्हटलं नाही. त्या कामानं बोटं कमावली आणि गुडघे-कंबर गमावली. गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं, काही दिवस ती दवाखान्यात पडून होती, आणि घरी आल्यावर पाटावरून उठता येईना. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचा स्नायू किती भरभर झिजतो, हे मी वाचलं होतं. तिच्या मांड्या हातात धरून खुर्चीवर बसवताना ते हाताला लागलं. पातळाच्या आत जणू काठीच.

बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातला १९९०चा अभ्यास मला तेव्हा आठवला. ८६ ते ९६ वयाची दहा माणसं, आठ आठवडे, पायांना चक्क जड वजनं. सगळे आठवडे पुरे करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपट झाली. दोघांनी चालताना काठी सोडली. वाचून अंगावर काटा येतो. पण त्याच अभ्यासात पुढची एक ओळ आहे ती मला जास्त कामाची वाटते. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्या ताकदीतली ३२ टक्के गेली. नव्वदीतलं शरीर नवं शिकतं, आणि बंद केलं की तितक्याच तत्परतेनं परत करतं. म्हणजे आईला उठवायचं ठरवलं, तर ते आठ आठवड्यांपुरतं ठरवून चालणार नव्हतं.

पद्धत साधीच होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी इस्पितळात डॉ. डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांचे वाळलेले पाय परत भरले, ते पेललं की थोडं वाढव, एवढ्याच नेमानं. १९४५ साली त्यांनी ते छापलं, आणि १९४८ साली सहकाऱ्यासोबत दहा-दहा वेळा उचलायचे तीन सेट, म्हणजे तीन फेऱ्या, पुरे असल्याचं मांडलं. आज सोलापुरातल्या पत्र्याखालच्या जिममध्येही पोरं "तीन सेट, दहा रेप" असं जे म्हणतात, ते तिथून आलेलं. आईसाठी मी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. उठायचं, बसायचं. जमेल तेवढं, एक दिवस आड. मग एक उशी काढली. मग दुसरी. मग तिनंच विचारलं, "तुमच्यात वजन असतंय ना, मला नाही का?" आपल्या घरात वजन म्हणजे ज्वारी. जुन्या सोलापुरी चादरीच्या तुकड्याची एक पिशवी तिनं शिवली, मी काट्यावर तोलून अर्धा किलो मालदांडी भरली, आणि ती पिशवी छातीशी धरून ती उठायला-बसायला लागली. दोन-तीन आठवड्यांनी अर्धा किलो आणखी. कधी थंडीत गुडघा धरला की महिनाभर तेवढ्यावरच. एकदा सर्दी-खोकल्यानं मागेही यावं लागलं. ती त्याबद्दल कधी खट्टू झाली नाही. "बिडीला पण असंच," म्हणाली, "पान वाईट आलं की त्या दिवशी कमी होतंय. दुसऱ्या दिवशी बसायचं."

परवाच्या रविवारी पिशवी उचलली तर जड लागली. काट्यावर टाकली, तीनऐवजी साडेतीन.

"कुणी टाकली जास्तीची?"

"मीच. तीनचं सहज होतंय आता."

"दहाच्या दहा होतात? शेवटी हात टेकवत नाहीस?"

ती गप्प. मग, "शेवटच्या दोनाला जरा टेकतंय."

"मग हा आठवडा तीनच."

मी पिशवीचं तोंड सोडून अर्धा किलो काढायला लागलो. ती खुर्चीतून उठली, हात न टेकवता, आणि स्वयंपाकघरातून पितळी पातेलं घेऊन आली. "डब्यात नको ओतू," म्हणाली, "ह्यात ठेव. पुढच्या रविवारी परत लागणारच हाय की."